खालच्या गटातला पैलवान

युद्ध संपलं त्या साली सांगलीच्या कॉलेजासाठी हुतूतूचे खेळाडू हेरणारे गृहस्थ कोरेगावात आमच्या घरी आले. बशीतल्या चहावर फुंकर मारायची नि बोलायचं, अशी त्यांची रीत. थोरल्याला पुण्याच्या, वरच्या गटात खेळणाऱ्या कॉलेजानं आधीच नेलं होतं. खेळाडू म्हणून घेतलं, तरच वडील मलाही शिकायला धाडणार होते.

गृहस्थांनी माझं काडीसारखं मनगट दाबलं. "आवं तात्या, आमी खालच्या गटात खेळतो. ह्यो पैलवान लय चालंल!"

कॉलेजात घेतलं, पण मैदानात मला कधी उतरवलं नाही. वडील सामना बघायला आले, तेव्हा माझ्या धडधाकट गुडघ्याला गृहस्थांनीच पट्टी बांधली. "आज लंगडायचं, गड्या."

वडील गुडघाच बघत बसले. "खेळ ऱ्हाऊ दे रं. नुसता शीक."

गृहस्थ हातातल्या चहाच्या बशीवर फुंकर मारत राहिले.