जिन्यात कुणी आहे का?

"बघ गं, जिन्यात कुणी आहे का?" मॅडमचं हे वाक्य मी रोज ऐकायची. कुल्फी खायची असो की रेडिओबरोबर गुणगुणायचं असो, आधी मी दार उघडून जिना बघायचा. कुणी नाही म्हटलं की मग त्या खायच्या, गायच्या. असं जपून आनंद घेणारं माणूस तुमच्याही शेजारी असेल. त्याचं दार लावलेलं असतं, म्हणून आपल्याला दिसत नाही.

मॅडम जळगावात कॉलेजला भूगोल शिकवायच्या. पन्नाशी उलटलेली, यजमान गेलेले, मुलगा पुण्याला. मी त्यांच्याकडे स्वयंपाक आणि धुणं करायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण वर्तमानपत्र वाचून झालं की त्या घडी घालून माझ्यासाठी ठेवायच्या.

एका वर्षी त्यांना हॉलंडहून बोलावणं आलं. केळीच्या बागांना लागणाऱ्या पाण्यावर त्यांनी अभ्यास केला होता, तो तिथल्या परिषदेत मांडायचा होता. परिषद संपल्यावर निरनिराळ्या देशांच्या काही प्राध्यापक बाया मिळून आठवडाभर सायकलवर फिरणार होत्या, कालव्यांच्या काठाने. मॅडमनी त्यालाही होकार कळवला. हे मला सांगण्याआधी त्यांनी जिना बघायला लावला.

कॉलेजला परिषद ठाऊक होती, मुलालाही परिषदच. सायकलचं फक्त मला. "नवरा गेलेली बाई या वयात हौस म्हणून सायकलवर फिरते, असं म्हणतील गं," त्या म्हणाल्या. लहानपणी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत त्या सायकल चालवायच्या, लग्नानंतर ती सुटली. आता जिन्याखालची जुनी सायकल घेऊन पहाटे कॉलेजच्या मैदानावर जायच्या, पोरी बांधतात तसा स्कार्फ तोंडाला गच्च बांधून. एकदा वॉचमन म्हणाला, "ए पोरी, फाटक लावून घे." घरी येऊन त्या उशीत तोंड खुपसून हसल्या.

घोटाळा झाला तो चड्डीवरून. सायकलवर घालायची ती काळी चड्डी पार्सलने आली होती. बसायच्या जागी आतून जाड गादी शिवलेली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना लघवी आवरत नाही, त्यांच्यासाठीची असेल. मी काही न विचारता धुतली आणि गच्चीवर उलटी करून वाळत घातली.

समोरच्या अक्कांनी ती पाहिली. अक्कांचं माहेर शिंदखेड्याकडचं, बोलणं तिकडचंच, अहिराणी. मॅडमवर त्यांची लेकीसारखी माया. त्यांनी मला जिन्यात गाठून विचारलं, मॅडम परदेशात कशाला चालल्या? मी सांगितलं, पेपर वाचायला. मॅडम तसंच म्हणायच्या.

"पेपर वाचाले इतला दूर?" अक्का म्हणाल्या. "आठे पेपर येत नही का?"

मी पिशवी उचलून वर निघून आले. अक्कांनी माझ्या निघून जाण्याचा, त्या चड्डीचा आणि पेपरचा मिळून अर्थ लावला. मॅडमला काहीतरी अवघड दुखणं आहे, आणि त्या इलाजाला चालल्यात.

दोन दिवसांत गल्लीतल्या बाया पपई, नारळपाणी घेऊन येऊ लागल्या. मॅडमना आधी काही कळेना. कळलं तेव्हा लाजेने कानापर्यंत लाल झाल्या. मला वाटलं, आता सांगतील. पण त्या पपई कापायला बसल्या आणि म्हणाल्या, "राहू दे. आजारी आहे म्हटलं तर कुणी नावं ठेवत नाही."

निघायच्या दिवशी अक्का आल्या. मुक्ताईला नवस बोलले, म्हणाल्या. मॅडम बऱ्या होऊन येईपर्यंत चहा बंद. ज्यांना उठल्यापासून दुपारपर्यंत तीनदा चहा लागायचा, त्या अक्का. मॅडमचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरी व्हईसन ये, माय." मॅडमनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात खाली गाडीने हॉर्न दिला.

त्या परत आल्या त्या उन्हाने काळवंडून, पण अंगाने हलक्या होऊन. मला मोबाइलवर एकच फोटो दाखवला. मागे पाणी, मॅडम सायकलवर, केस उडालेले, तोंड भरून हसू. स्कार्फ नव्हता. असं हसताना मी त्यांना जळगावात कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "अक्कांनी चहा घेतला का?" नाही म्हटल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी त्यांनी अक्कांना बोलावलं. चहा स्वतः केला. कप पुढे ठेवून म्हणाल्या, "अक्का, मी आजारी नव्हते. कधीच नव्हते."

अक्का चहाचा घोट घेत हसल्या. "बरं वाटाले लागनं का असंच वाटस."

मॅडमनी फोटो पुढे केला. "ही ती गच्चीवरची चड्डी, अक्का. मी सायकल चालवायला गेले होते."

अक्कांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. फोन घेऊन त्या तशाच बाहेर गेल्या आणि जिन्यात उभ्या राहून सगळ्यांना हाका मारू लागल्या. "दखा वं, कशी टनटनीत व्हई गई! सायकल चालाडी राहिनी!"

गल्ली जमली. कुणी नावं ठेवली नाहीत. उलट अक्कांनी जिन्याखालची सायकल बाहेर काढली, पदराने पुसली आणि सगळ्यांना चालवून दाखवायला सांगितलं, "चाल, बठ्ठासले दखाड." बाया टाळ्या वाजवत होत्या. मॅडमनी गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली, मान खाली घालून. उतरल्या, सायकल जिन्याखाली ठेवली आणि वर आल्या. अक्कांच्या कपातला चहा संपलेला होता. तो कप मॅडमनी मला धुवू दिला नाही, स्वतः धुतला.

त्यानंतर त्या सायकलवर बसल्या नाहीत. निवृत्त झाल्या आणि मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना सायकल नेली नाही. आता त्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे, काम माझ्याकडेच आहे. दसऱ्याला अक्का त्या सायकलला हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात. नवसाला पावलेली सायकल, असं नव्या माणसांना सांगतात. मी बाजूने मान खाली घालून जाते.

गेल्या दसऱ्याला मॅडमचा फोन आला. तब्येत, पाऊस, मुलगा, सगळं बोलून झालं. मग आवाज लहान करून त्यांनी विचारलं, "जिन्यात आहे का गं अजून?"

"आहे," मी म्हटलं. "अक्का हार घालतायत."

"दार लावून घे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.