बांध

आमच्या केडगावच्या कॉलनीत गणपतीत नाटक होतं आणि त्यात राणी मीच असते. असते म्हणजे काय, जन्मसिद्ध हक्कच तो! धाकटी झाल्यानंतरच्या गणपतीआधी मात्र नाटक बसवणारे शेजारचे काका घरी आले, चहात खारी बुडवून शांतपणे खाल्ली आणि म्हणाले, "सूनबाई, यंदा तुम्ही हवालदार."

"आणि राणी?"

काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग घाईघाईने पंख्याकडे. "तुमचा आवाज दमदार आहे ना!"

धाकटी चालायला लागली होती, माझं पोट मात्र ती अजून आतच असल्यासारखं. एसटीत बायका उठून जागा द्यायच्या. मी ती घ्यायची, वर चेहराही थकलेला करायची. पण राणी हातची जाणं म्हणजे फारच झालं! मोबाईलवर बघून व्यायाम सुरू केले. उताणं पडायचं आणि हिसका देऊन उठून बसायचं. उठताना पोटाच्या मधोमध करंजीसारखा उंचवटा यायचा. शेवटी कंबर धरली, तेव्हा नगरला फिजिओथेरपिस्टकडे गेले. सासूबाई सोबत होत्या. त्यांच्या मते मला सोबत, माझ्या मते पहाऱ्याला.

त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला झोपवून डोकं उचलायला लावलं आणि बेंबीजवळ बोटं दाबली. बोटं खुशाल आत गेली.

"ही नुसती चरबी नाही. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात लांब सरकले, ते अजून जवळ आलेले नाहीत. मध्ये फट आहे."

पाथर्डीकडच्या माझ्या सासूबाईंना क्षणात उमगलं. "म्हंजी दोगा भावांची वाटनी झाली. मधी बांध पडला."

"अगदी बरोबर, आजी. आणि ह्या हिसके देऊन बांध रुंद करताहेत."

"पर म्या बाळंतपनात लुगडं गुंडाळून पोट बांधलं हुतं की!"

"त्याने आधार मिळाला. पण जवळ यायचं काम स्नायूंनीच करायचं."

मग शिकवणी झाली. उठताना कुशीवर वळायचं, श्वास सोडत पोट हळूच आत घ्यायचं, मुलीला कडेवर घेतलं की पोट पुढे काढून मागे रेलायचं नाही. मी शिकले थोडं, सासूबाई शिकल्या सगळं. मी जरा रेलले की घरात, दारात, देवळात एकच आरोळी: "बांध!"

भाजीबाजारात त्या अशाच कडाडल्या, तर भाजीवाल्याने दचकून पिशवीला गाठ मारली. "बांधतो की आजी, वरडता कशाला?"

त्या वर्षी हवालदार केला, स्वतःच्या पोटावर पट्टा चढवून. टाळ्या अशा पडल्या की नव्या राणीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला तेवढं समाधान पुरेना. मला राणीच हवी होती.

पुढच्या श्रावणात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोटं दाबली. ती आत जाईनात. कंबरही गप्प झाली होती. "भाव एक झालं!" सासूबाईंनी तिथेच जाहीर केलं. मी ताठ मानेने थेट काकांच्या दारात उभी राहिले. काकांचा चेहरा पडला.

"अहो, पोट कुठे गेलं? लोक हवालदार मागताहेत!"

"राणी मीच," मी म्हणाले.

"आणि हवालदार?"

"तोही मीच."

पहिल्या अंकात अशी ताठ चालले की काकासुद्धा उठून उभे राहिले. पडदा पडताच मी आत धावले. तिथे सासूबाई उशी आणि तेच जुनं लुगडं घेऊन तयार होत्या. हवालदाराचं पोट म्हणून उशी माझ्या पोटाला लावली, पण लुगड्याच्या गाठीत माझा नवरा गोंधळला.

"बांध!" सासूबाई ओरडल्या.

मी सवयीने पोट आत घेऊन खांबासारखी ताठ झाले. उशी घसरून खाली पडली.

"आगं, तुला न्हाई! त्याला म्हनले!"