दीर्घ शी

छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना गल्लीत सगळे वेलांटीकाका म्हणत, आणि काकांच्या तोंडी दिवसभर एकच शब्द: शी! बेकरीवर ‘ताजि बिस्कीटे’ दिसली, शी! दवाखान्यात ‘सुचना’ लागली, शी! बायकोच्या सामानाच्या यादीवरसुद्धा लाल पेन्सिल फिरायची. “तपासून झाली असेल तर आता साबण आणा,” ती म्हणायची.

अशा माणसाला मोबाईलवरच्या रोजच्या शब्दकोड्याचं वेड लागलं! चार अक्षरी शब्द, पाच प्रयत्न. अक्षर चपखल बसलं की घर हिरवं; अक्षर तेच, पण काना-वेलांटी नाहीतर जोडाक्षर चुकलं, की पिवळं; अक्षरच चुकलं, की काळं. काकांची युक्ती ठरलेली. पहिल्या दोन शब्दांत एकही अक्षर दोनदा वापरायचं नाही, आणि शेवटचं अक्षर हाती लागलं की मागून पुढे यायचं. सलग दोनशे दिवस जिंकणाऱ्याचं नाव कोड्याच्या पहिल्या पानावर झळकायचं. जन्मभर दुसऱ्यांची नावं शुद्ध केली, स्वतःचं कधी छापून आलं नाही. आता एकच दिवस उरला होता.

नेमका त्या सकाळी मेहुणा चहाला टपकला. हा रोज घरच्या ग्रुपवर कोड्याचे इशारे टाकायचा.

“भाऊजी, आजचा इशारा देऊ? मोठ्यांकडून मिळतो!”

“शी! उष्टं खात नाही मी.”

काकांनी ‘कमलिनी’ टाकलं. सगळं काळं. ‘पडसाद’ टाकलं. द हिरवा! ‘अनुवाद’ टाकलं. अ पिवळा, वा पिवळा. काकांची कळी खुलली. त्यांनी ऐटीत ‘आशीर्वाद’ लिहिलं.

आ हिरवा. र्वा हिरवा. द हिरवा. शी पिवळी.

काकांनी चष्मा पुसला. पिवळीच. म्हणजे कोडं करणाऱ्या त्या दिवट्याला ऱ्हस्व शि हवी होती!

बायको पाठीमागून बघत होती. “अहो, एवढीशी वेलांटी. द्या फिरवून. नाव येईल तुमचं.”

“चुकीच्या शब्दावर?”

“भाऊजी, कोण बघतंय?” मेहुणा म्हणाला.

काकांनी ‘आशि’पर्यंत लिहिलं. बोट थांबलं. एकतीस वर्षांत असली शि दिसली की तिच्यावर लाल रेघ मारली होती त्यांनी, आणि आज तिच्याच खांद्यावर बसून मिरवायचं? शी! त्यांनी ती खोडली, दीर्घ काढली आणि पाचवा प्रयत्नही ‘आशीर्वाद’च टाकला.

‘हरलात! उत्तर: आशिर्वाद. सलग विजय: ०.’

काकांनी खिशातली लाल पेन्सिल काढून मोबाईलच्या काचेवरच खूण करायला घेतली. बायकोनं मोबाईल ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर मेहुण्याचा निरोप आला: ‘आजपासून नवी सुरवात! भाऊजींना माझा आशिर्वाद.’

वयानं बारा वर्षांनी लहान, आणि आशीर्वाद देतोय! तोही ऱ्हस्व! शिवाय ‘सुरुवाती’तला उकार गिळलेला. काकांनी खाली एकच अक्षर लिहिलं, वेलांटी नीट बघून घेतली, आणि मगच पाठवलं:

‘शी!’