तोंडाळ सिस्टर

तिच्याविषयी लिहावे इतकी ती मला माहीतच नव्हती. नाव विचारायचे राहिले, घरी कोण असते तेही. पंधरा दिवस रोज चार ते साडेचार, एवढाच आमचा संबंध. लिहिण्याची मला सवयही नाही. पण माझ्यामुळे तिच्यावर बोल आला आणि मी तो येऊ दिला, म्हणून लिहितो.

आमची ही व्हेंटिलेटरवर होती. मेंदूचा झटका आलेला, तोंडातून श्वासनलिकेत नळी, शुद्ध नाही. त्या खोलीतले चार पेशंट या एका सिस्टरकडे. नातेवाईक तिला तोंडाळ सिस्टर म्हणत. एक तर ती कुणाची भीड ठेवत नसे, आणि दुसरे म्हणजे दर चार तासांनी पेशंटची तोंडे साफ करी. दात, हिरड्या, जिभेखालची लाळ. बेशुद्ध माणसांशी बोलत बोलत.

"आजी, आ करा. शाब्बास. नवऱ्यापुढं कधी इतका वेळ गप्प बसला होतात का?"

मोठे डॉक्टर आले तरी तेच. "साहेब, हात धुतले?"

"आत्ताच."

"ते मागच्या पेशंटच्या आधी. नळ तिकडं आहे."

तिचे स्वतःचे हात धुऊन धुऊन भेगाळले होते.

एकदा मी भीत भीत विचारले, "तोंडाचं एवढं कशाला, सिस्टर? आजार तर डोक्याचा आहे."

"काका, आपल्याला ठसका लागतो म्हणून आपण वाचतो. यांना ठसकाच लागत नाही. तोंडातली घाण नळीच्या कडेनं छातीत उतरली की न्यूमोनिया. मग मशीन काय करणार, कप्पाळ?" मग तिने पलंगामागच्या भिंतीवरची पांढरी चिकटपट्टी दाखवली. "आणि उशाकडची बाजू या पट्टीच्या खाली आणायची नाही. पोटातलं वर येतं."

हिला जन्मभर उंच उशी चालली नाही. घरी ती उशी काढून फेकायची. तिची मान कललेली पाहून मला राहवेना. आठव्या दिवशी तोंडाळ सिस्टरची सुट्टी होती. बदलीची सिस्टर पलीकडच्या पेशंटपाशी अडकलेली. मी पायथ्याचा दांडा फिरवून पलंग सपाट केला. हिचा चेहरा निवांत वाटला, निदान मला तरी. निघताना वर करीन म्हटले. साडेचारला पहारेकरी ओरडला, "चला, चला, बाहेर!" आणि मी मुकाट निघालो. दांडा आठवला तो घरी जेवताना. फोन करायचा धीर झाला नाही. कुणीतरी पाहीलच, म्हणत राहिलो.

कुणी पाहिले नाही. सकाळी तोंडाळ सिस्टरनेच येऊन पलंग वर केला आणि तशी नोंद केली. दहाव्या दिवशी हिला ताप चढला, नळीतून पिवळा घट्ट कफ येऊ लागला. मोठे डॉक्टर माझ्यासमोरच तिच्यावर कडाडले. "रात्रभर बेड सपाट? पट्टी काय शोभेला लावलीय?"

"खोली माझी आहे, साहेब. बजावून जायला मी कमी पडले."

मी हाताच्या अंतरावर उभा होतो. त्या एका रात्रीनेच झाले का, हे डॉक्टरही छातीठोक सांगू शकले नसते. पण मला दुसरे कारण सापडत नाही.

पुढचे पाच दिवस ती ड्यूटी संपल्यावरही थांबे. "आजी, हरायचं नाही हं." पंधराव्या दिवशी दुपारी ही गेली. नळी काढल्यावर तिने हिचे तोंड पुसले, रोजच्याइतक्याच निगुतीने. मग हिचा चष्मा आणि कंगवा पिशवीत घालून माझ्या हातात दिले.

"सिस्टर," मी म्हणालो.

"बोला ना, काका."

ती वाट पाहत उभी राहिली. पंधरा दिवस मी लिफ्टनेच ये-जा करत होतो.

"लिफ्ट कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. पण आज बंद आहे. जिन्यानं जा, सावकाश."