शिवेवरचे मोर

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी शिरपूरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. एका सकाळी वनखात्याची जीप मला न्यायला आली. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मोर मरत होते, आणि शिवेलगत हरभरा पेरणाऱ्या एका म्हाताऱ्या आबांनी विष घातलं, असं सगळं गाव सांगत होतं. मोर मारला म्हणजे तुरुंगच. आबांना बाभळीखाली बसवून ठेवलं होतं.

"मी त्यासले नही मारं, ताई," ते हात जोडून म्हणाले. "शिव्या दिन्यात, ते खरं शे. हरभरा खातस ना!"

"घाबरू नका आबा. मोरच सांगतील काय ते."

तिथंच एक मेलेला मोर फाडला. नाकाला रुमाल लावून मंडळी मागे सरकली. गळ्याजवळच्या चाऱ्याच्या पिशवीला विषाचा वास नव्हता. जठर उघडलं, तर आत लालभडक ठिपके. तेवढ्यात कुणीतरी एक जिवंत लांडोर आणून ठेवली. बिचारीची मान पिळल्यासारखी उलटी फिरली होती. मग मला शंकाच उरली नाही. ही कोंबड्यांची मानमोडी, मोरांनाही लागणारी साथ.

"गावात कोंबड्या कुणाच्या मेल्या?"

मंडळी आणखी मागे सरकली.

"अहो, मूग गिळून काय बसलात? बोला की!"

शेवटी एक अक्का पुढे आल्या. आबांविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं त्याच बोलत होत्या. "बठ्ठासन्या मरन्यात, ताई, घरघरन्या. रोग गावमा नको म्हनीसन शिवपार टाक्यात."

झालं! रोग शिवेपार घालवायची ती जुनी रीत. मेलेल्या कोंबड्या ओवाळून शिवेवरच्या नाल्यात टाकायच्या. नाला आबांच्या शेताला लागून, आणि मोर तिथंच चरायचे. माझं डोकंच फिरलं. "रोग तुम्ही टाकलात आणि बेड्या यांना? वा रे वा!"

वनअधिकाऱ्यांना म्हटलं, "नमुने बर्फात घालून पुण्याला पाठवते. निकाल यायचा तेव्हा येईल. यांना आत्ता सोडा, मी लिहून देते." त्यांनी सोडलं. पुढे निकालही तोच आला, येणारच होता.

आबा उठले, घरी न जाता कुदळ घेऊन आले आणि आपल्याच उभ्या हरभऱ्यात खड्डा खणू लागले. मेलेले मोर एकेक करून त्यात ठेवले, माती लोटली. मग त्यांना तुरुंगात धाडायला निघालेल्या त्या गावाकडे वळून, खड्ड्याकडे हात करून ते म्हणाले,

"आते कोंबडी मरनी तर नालामा टाकू नका. आठे लई या. मी पुरसू."