बंधाऱ्याचा तेलकट दगड

विधिमंडळाची समिती सरकारी खर्चाची कामं तपासायला निघाली, की टिपणं घ्यायला लघुलेखक म्हणून मी सोबत असतो. फर्दापूरच्या अलीकडं एका गावात अधिकाऱ्यांनी आम्हाला यंदाच बांधलेला बंधारा दाखवला. पांढराशुभ्र रंग, वर कोनशिला. सगळे खूश होऊन गाड्यांकडं वळले.

खांद्यावरच्या काठीला दोन्ही मनगटं अडकवून एक मेंढपाळ मघापासून आमच्याकडं बघत होता. तो हसला. "यंदाचा व्हय? जरा खाली या, सायेब."

खाली त्याची मेंढरं पाणी पिता पिता भिंतीला अंग घासत होती. तिथले दगड काळे, तुकतुकीत. त्यांच्यावर रंग धरलाच नव्हता.

"हे लोकरीचं तेल. एका सालात एवढं चढत नाय. माझ्या आज्याची मेंढरं बी हितंच घासायची."

अध्यक्षबाई चपला काढून उतरल्या. दगडावरून तळवा फिरवला आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "आता तुम्ही लावा हात."

माझी पेन्सिल धावत सुटली. इतकी वर्षं मी नुसती कागदांचीच साक्ष लिहीत आलो होतो. साक्षीदाराचं नाव विचारायला वळलो, तर तो मेंढरांमागं निघालेला.

"नाव नका लिवू, सायेब," तो चालता चालताच म्हणाला. "मला उद्या दम देतील. दगडाला काय देतील?"