तिकटीवरचे जपूनमामा

माझे मामा पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचे. एका हातानं धरला तर निसटेल, निसटला तर फुटेल, फुटला तर काच कुणाच्या तरी पायात जाईल, मग टाके, इंजेक्शन, धनुर्वात. ग्लास तोंडाला लावायच्या आधीच मामांचं मन दवाखान्यात जाऊन आलेलं असायचं. निपाणीच्या शाळेत त्यांनी हयातभर चित्रकला शिकवली, पण पोरांना कटर कधी हातात दिला नाही. सगळ्या वर्गाचे कागद स्वतः कापून द्यायचे. बेळगावात लष्कराच्या कॅम्पातल्या गोल्फच्या मैदानावर तर लोक त्यांना जपूनमामाच म्हणायचे. तोंड उघडलं की पहिला शब्द 'जपून'.

कुत्रा, वीज, गॅसची शेगडी, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, यातलं कशाला भ्यावं आणि कशाला नाही असा भेदभाव त्यांनी कधी केला नाही. स्कूटरवरून निपाणीहून बेळगावला येताना संकेश्वरच्या पुढं-मागं उसाचा ट्रॅक्टर दिसला की मामा स्कूटर बाजूला घेत, स्टँडला लावत, खाली उतरत आणि दोन्ही ट्रॉल्या दिसेनाशा होईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहत. कारखाना सुरू असला की उसाचे ट्रॅक्टर काय एकदोन असतात? मामा जेवायला येणार म्हटलं की आई भात उशिराच लावायची.

साहेब माणसाला मात्र ते सगळ्यात जास्त भ्यायचे. आमचे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, तंबाखूच्या वखारीत हमाल होते. मालक आला की भिंतीला लागून उभं राहायचं, हे मामांनी लहानपणी बघितलेलं. पुढं शिकले, मास्तर झाले, निपाणीत स्वतःचं घर बांधलं, तरी गणवेश दिसला की त्यांची पाठ आपोआप भिंत शोधायची. मैदानाच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांना नावानं ओळखायचा, तरी मामा दर वेळी ओळखपत्र हातात धरून उभे.

असा माणूस माझी गोल्फची बॅग उचलायला लागला तो आईमुळं. वडील फौजेत. त्यांची बदली कॅम्पात असताना मला या खेळाचा नाद लागला आणि ते पुढं सरहद्दीवर गेले तरी सुटला नाही. तिथं सगळे साहेबलोक, पोरगी एकटी कशी जाणार, म्हणून आईनं भावाला गळ घातली. मामा दोन रात्री झोपले नाहीत म्हणे. शनिवारी आले, बॅग खांद्यावर घेतली आणि विचारलं, "ह्यो चेंडू डोसक्यात बसला तर माणूस मरतंय काय गं?" मी हो म्हणाले. तरी आले. मी नोकरीला लागले, ते निवृत्त झाले, तरी येतच राहिले.

आमच्या मैदानावरची बारा, तेरा आणि चौदा ही तीन होल लांबलांबच्या खेळाडूंना ठाऊक आहेत. एका जुन्या दगडाच्या खाणीभोवती ती एकमेकांना येऊन भिडतात. खाणीत काळं पाणी आहे, त्याचा तळ कुणी पाहिलेला नाही. बाराव्याला चेंडू ते पाणी ओलांडूनच मारावा लागतो. तेरावं खाणीला वळसा घालून जातं. वळशानं गेलात तर एक फटका जास्त पडतो, झाडांवरून थेट मारलात तर वाचतो, नाहीतर चेंडू पाण्यात. चौदाव्याचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, इतकं उतरतं, की चेंडू भोकापाशी जाऊन, जरा विचार करून, परत खाली खाणीकडं निघतो. बॅगवाल्यांनी या जागेला नाव दिलंय तिकटी. तीन वाटा मिळतात तिथं कुणीतरी उतारा म्हणून लिंबू-भात ठेवून जातं, ती तिकटी. मी एकदा मामांना चिडवलं, "मामा, तुम्ही उताऱ्यालाही भीत असाल." तर म्हणाले, "उताऱ्याला कशाला भिऊ? लिंबू काय करतंय? उतारा ठेवणाऱ्या माणसांस्नी भितो मी."

दर उन्हाळ्यात इथं मोठी स्पर्धा होते. तिचा चषक आपल्या मैदानावर आपण एकदा तरी जिंकायचा, एवढं एकच वेड मला होतं. आणि दर वर्षी निकाल लागायचा तो तिकटीवर. भले भले खेळाडू तिथं गप्प होतात. कुणी हातमोजा उगीच काढून घालतो, कुणी पाणी पितच राहतो. भीती वाटते असं मात्र एकही म्हणत नाही. आमचे मामा बाराव्याच्या अलीकडूनच म्हणायला लागायचे.

"लई पाणी हाय गं तिथं. जपून."

"मामा, पाणी दर शनिवारी तिथंच असतं."

"म्हणूनच म्हंतोय. कटाळत न्हाय ते."

काठी माझ्या हातात देताना त्यांचा हात थरथरायचा, कपाळावर घाम यायचा. मी मारायला उभी राहिले की पाठ फिरवून उभे राहायचे. त्यांची ती पाठमोरी, खांदे वर काढलेली मूर्ती बघून मला हसू फुटायचं आणि त्या हसण्याच्या भरात फटका मोकळा बसायचा. मी निडर आहे अशी माझी ख्याती होती. मलाही ते खरंच वाटत होतं.

एका वर्षी शेवटच्या दिवशी मी एका फटक्यानं पुढं होते. आम्ही तेराव्यावर आलो तेव्हा दुपार अचानक काळवंडली. वारा पडला. झाडांवरचे कावळे गप्प झाले. लांब कुठंतरी ढग गुरगुरला, आणि मामांनी बॅग खाली ठेवली.

"न्हाय. आता एक पाऊल न्हाय."

स्पर्धेचे पंच फौजेतले निवृत्त साहेब होते. ते तरातरा आले. "विजेचा सायरन वाजलेला नाही. खेळ चालू ठेवा."

मामांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता हे 'व्हय साहेब' म्हणणार आणि बॅग उचलणार. तर हा माणूस माझ्या आणि त्या साहेबांच्या मधे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला बाद करा, हाकला, पायजे तर तुरुंगात घाला," मामा म्हणाले. "पर ह्या लोखंडाच्या काठ्या घिऊन मी पोरीला झाडाखाली जाऊ दिनार न्हाय."

विजेचं भय वाटलं तर खेळाडूला थांबता येतं, असा नियम आहे खरा. साहेबांनी नाइलाजानं तो मान्य केला आणि सगळ्यांनाच छपराखाली नेलं. अर्ध्या तासानं ढग उचगावकडं सरकला. वीज पडली नाही, पावसाचा थेंब पडला नाही, पुन्हा लख्ख ऊन. लोक मामांकडं बघून हसले. माझा मात्र हात थंडावला होता. तेराव्यावर मी झाडांवरून थेट मारला आणि चेंडू खाणीत गेला. चषक एका फटक्यानं हुकला.

मी मामांशी पंधरा दिवस बोलले नाही. आजही सांगते, मामा त्या दिवशी चुकले होते. ढग लांब होता. पण ते ना माफी मागायला आले, ना समजूत घालायला. पुढच्या शनिवारी फाटकावर ओळखपत्र धरून उभे होते, तेवढंच.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी चढ चढायला बंदी केली. जन्मभर ज्या ज्या आजारांना ते भ्याले, त्यातला एक शेवटी आला. उन्हाळ्यात स्पर्धा आली तेव्हा मामा निपाणीत अंथरुणावर होते आणि माझी बॅग बसूकडं होती. बसू हा मैदानावरचा सगळ्यात शांत बॅगवाला. सगळे त्यालाच मागतात.

शेवटच्या दिवशी मी पुन्हा आघाडीवर होते. बाराव्याच्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागी, पोचले. बसूनं काठी दिली, त्याचा हात दगडासारखा स्थिर. "काय होत न्हाय, मॅडम. बिनधास्त मारा." मी मारायला उभी राहिले आणि माझे गुडघे कापायला लागले.

आधी कळेचना काय होतंय ते. समोरचं पाणी वाढत वाढत ग्रीनला खेटलंय असं वाटायला लागलं. सवयीनं मागं वळून पाहिलं. बसू निवांत उभा होता. माझ्या वाटणीचं भिऊन टाकणारा माणूस तिथं नव्हता. इतकी वर्षं या तिकटीवर मी निडर नव्हतेच. भिण्याचं काम माझ्याऐवजी मामा करत होते. आता सगळी भीती माझी एकटीची होती, आणि ती मामांच्याइतकीच मोठी होती. मला तिथं रडू आलं. बसूनं बिचाऱ्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

बारावं कसंबसं पार पडलं. तेराव्यावर बसूनं झाडांवरून मारायची लांब काठी काढली. मी ती परत ठेवायला लावली आणि वळशानं गेले, एक फटका मुकाट्यानं सोडून. चौदाव्यावर तर उताराला इतकी भ्याले, की चेंडू मुद्दामच भोकाच्या खाली थांबवला, म्हणजे पुढचा फटका चढावर जाईल. मला गाठायला बघणाऱ्या दोघींनी तेराव्याला झाडांवरून मारलं आणि त्यांचे चेंडू खाणीत बुडाले. चषक मला मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन निपाणीला गेले. मामींनी चहा टाकला. मामा फार उतरले होते. मी चषक त्यांच्या अंथरुणावर ठेवला, तर त्यांनी आधी तो कडेपासून आत सरकवला. किती फटके, कोण दुसरी आली, काही विचारलं नाही.

"तिकटीवर भ्यालीस काय गं?"

"लई," मी म्हणाले. "पाय कापत होते मामा. तेराव्याला वळशानं गेले."

मामांचे ते कायम वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले.

"मग बरं झालं," ते म्हणाले. "तुला भ्याच वाटत न्हाय, ह्येचंच मला लई भ्या वाटायचं."

आणि कुशीवर वळून झोपी गेले. मामी चहा घेऊन आल्या, पण हलकं घोरणाऱ्या मामांना उठवायचं आमच्या जिवावर आलं.